खडूने आकडे लिहिलेल्या बॅटऱ्या

माझे मालक वारले तेव्हा आमच्या खाटेखाली तेवीस बॅटऱ्या होत्या. काळ्या, विटेएवढ्या, सीलबंद. लाईन गेली तरी कॉम्प्युटर लगेच बंद पडू नये म्हणून त्याच्याजवळ एक डबा असतो, त्या डब्याच्या पोटातल्या. ऑफिसवाले, क्लासवाले दोन-तीन वर्षांनी ती बॅटरी बदलतात आणि जुनी भंगारात टाकतात. मालक ती भंगारातून उचलून आणायचे, तपासायचे आणि जिच्यात जीव असेल तिला पुन्हा कामाला लावायचे. पंधरा-सोळा वर्षं त्यांनी हेच केलं. तेराव्याच्या दिवसाला भेटायला आलेले लोक आधी माझ्याकडे बघून हळहळायचे, मग त्यांची नजर खाटेखाली जायची. मग कोणीतरी विचारायचंच, "आता याचं काय करता?"

मी काहीच केलं नाही. दोन वर्षं त्या तशाच पडून होत्या. झाडताना केरसुणी अडायची, तेवढाच त्यांचा-माझा संबंध.

आमचा मळा कारंज्याहून मंगरूळपीरला जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मागे नाला, नाल्यात वेडी बाभूळ, बाभळीत डुकरं. मी मेथी, पालक, वांगी लावते आणि शिवरात्रीच्या बाजारासाठी रताळी. डुकराला रताळ्यासारखं दुसरं काही आवडत नाही. म्हणून मळ्याला झटक्याची तार आहे. बांबूच्या खुंट्यांवर दोन पदरी तार, झोपडीत एक मशीन. मशीन बॅटरीवर चालतं आणि बॅटरी दिवसा सोलर प्लेटवर भरते. जनावराचं नाक तारेला लागलं की झटका बसतो. मरत नाही, पळतं. मशीन चालू असलं की टक टक वाजत राहतं. तो आवाज आहे तोवर मळा आपला.

मालक गेल्यावर मुलाने नवीकोरी मोठी बॅटरी आणून बसवली. महिन्याच्या आत चोराने नेली. त्या वर्षी शिवरात्रीला बाजारात न्यायला माझ्याकडे एक टोपलं रताळी होती, तीही डुकरांच्या दातांतून सुटलेली.

मुलगा पुण्याकडे कंपनीत आहे. गेल्या दसऱ्याला आला आणि आल्या आल्या विषय काढला.

"माय, आता पुरे झालं. मळा बटईनं देऊन टाकू. तू चाल माह्यासंग."

"काहून?"

"काहून म्हंजे? डुकरं खाऊन राह्यले आन् तू पाहून राह्यली. कोनासाठी करतं?"

"तथं येऊन काय करू? खिडकीत बसू?"

"बस ना. लोकाईले तिथं खिडकी भेटत नाई."

मी त्याला म्हटलं, यंदा रताळ्याचे वेल लावले आहेत. शिवरात्रीपर्यंत रताळी राहिली तर मी इथून हलत नाही. गेली तर तू म्हणशील तिथे येते. मग खिडकीत बसव नाहीतर जिन्यात.

"लिहून देतं?"

"चौथी पास हाय मी. तोंडीच चालते माह्यं."

नवी बॅटरी आणून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. नवी दिसली की चोर येतो. खाटेखालच्या बॅटऱ्यांवर खडूचे आकडे, धूळ, मुंग्यांची माती. त्या उचलायला चोरालाही लाज वाटली असती.

तो गेल्यावर मी वाकून एक-एक बाहेर ओढली. आकडे पुसट झाले होते, पण अक्षर माझंच होतं. मालकांचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे.

मी हे काम कसं शिकले ते सांगते. मालक कारंज्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते. जिनिंग बंद पडली तेव्हा त्यांनी रस्त्याच्या कडेला टिनाचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायच्या, पंखे दुरुस्त करायचे. त्या वेळी लोडशेडिंग असं होतं की लाईन कधी येते हे विचारायचं लोकांनी सोडून दिलं होतं. मंगरूळपीरचा एक भंगारवाला आमच्या दुकानापुढून जायचा. त्याच्या पोत्यात मालकांना पहिल्यांदा या बॅटऱ्या दिसल्या. त्यांनी एक काढून तिला बल्ब लावला आणि तो लागला. त्या दिवसापासून माणूस बिघडला. भंगारवाला मला म्हणायचा, "चाची, मी गावचं भंगार उचलतो आन् चाचा मह्यंच पोतं उचकते. आमच्या दोघाईत भंगारवाला कोन हाय ते तरी सांग."

मालकांची रीत ठरलेली होती. आधी अंग बघायचं. पोट फुगलेलं असेल किंवा अंगाला चीर असेल तर बाजूला, तिला हात लावायचा नाही. आत तेजाब असतं. माझ्या तीन लुगड्यांना त्याने भोकं पाडली, आणि ती भोकं दिसतात तिसऱ्या दिवशी, धुतल्यावर. मग मीटर लावायचं. बाराच्या जागी अगदी तीन-चार व्होल्ट दाखवले तर आशा सोडायची. त्याच्या वर असेल तर वरची पट्टी उचकटून, आतल्या सहा रबरी टोप्या काढून, सुईच्या पिचकारीने थोडं-थोडं बॅटरीचं पाणी घालायचं आणि हळूहळू चार्ज करायचं. चार्जिंगवरून काढली की ती तेराच्या पुढे दाखवते. मालक म्हणायचे, हा खोटा जोर आहे. म्हणून तिला एक पुरा दिवस विसावा द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मीटर लावायचं. साडेबाराच्या आसपास राहिली तर खरी.

आणि शेवटी ओझं. मोटारसायकलच्या पुढचा बल्ब तिला जोडायचा आणि अकराच्या खाली यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नवी बॅटरी पावणेदोन तास ओढते. तासभर ओढली तरी कामाची. अर्ध्या तासात बसली तर भंगारवाल्याची. बल्ब डोळ्यांवर येतो म्हणून मालक तो फुटक्या गंजात, म्हणजे जुन्या पातेल्यात, ठेवायचे. मधूनमधून बॅटरीला उलटा हात लावून बघायचे, तापली का म्हणून, तापाच्या लेकराला लावतात तसा. माझ्या कपाळाला तो हात कधी लागला नाही, पण बॅटरीला रोज.

तपासून झालं की खडूने बॅटरीच्या अंगावर लिहायचं. विसाव्यानंतरचा आकडा, किती मिनिटं ओढलं तो आकडा. दोन महिने खपून त्यांनी चाळीसेक बॅटऱ्यांवर असे आकडे घातले. मग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं घासून-पुसून पाटावर मांडायचं. मालक फुलं आणायला कारंज्याला गेले. मी दुकानातली पकड, पाने, सोल्डरिंगची कांडी सगळं पुसलं. बॅटऱ्याही पुसल्या. ओल्या फडक्याने, चारी बाजूंनी. मळकट हत्यार पूजेला ठेवायचं नाही असं आई सांगायची. चाळीस बॅटऱ्या उन्हात वाळवल्या, रांगेने मांडल्या, प्रत्येकीला हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं. छान दिसत होत्या.

मालक आले. हातात झेंडूची फुलं.

"आकडे कुठी गेले?"

"कोनते आकडे?"

त्यांनी फुलं ठेवली, पूजा केली, जेवले. पुरणाच्या दोन पोळ्या नेहमीसारख्या खाल्ल्या. मला वाटलं, सुटले. पाणी पिऊन म्हणाले, "आता उद्यापासून तूच तपास."

"मले काय येते त्यातलं?"

"पुसता येते ना? मंग लिहिताबी येईन."

अशी माझी शाळा पुन्हा सुरू झाली. मेथी निवडता निवडता मी मीटर बघायची. समोर गंजात बल्ब, बाजूला मेथीचा ढीग, मधे खडू. सुरुवातीला घड्याळ नव्हतं म्हणून मी वेळ एसटीवर मोजायची. दहाच्या गाडीला बल्ब लावायचा, अकराच्या गाडीला मीटर बघायचं, म्हणजे एक तास. एकदा दहाची गाडी आली साडेदहाला आणि अकराची बरोबर वेळेवर. त्या बॅटरीवर मी एक तास लिहिला. मालकांनी ती शिवणकाम करणाऱ्या एका बाईला दिवा लावून दिली. तिसऱ्या दिवशी ती बाई अर्धवट पोलकं घेऊन दुकानात उभी. "एका बाहीचा उजेड दिला आन् दुसऱ्या बाहीले अंधार," म्हणाली. मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात घरात गजराचं घड्याळ आलं.

ते दिवस मला आवडायचे. मालकांसमोर मी तसं कधी बोलले नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. दुपारभर दोघं टिनाखाली बसून असायचो. ते मोटार भरायचे, मी आकडे सांगायची. "अकरा सहा." "हं." "अकरा चार." "हं." एवढंच आमचं बोलणं, पण रोजचं. संध्याकाळी लाईन गेली की वस्तीवर आमचे भाड्याने दिलेले दिवे लागायचे. पोरं अभ्यासाला बसायची, बाया भाकरी थापायच्या, आणि मला माहीत असायचं की कोणत्या घरात कितीची बॅटरी आहे आणि कोणाची भाकरी अर्धी असताना दिवा जाणार. पुढे लाईन बऱ्यापैकी राहायला लागली, लोकांनी दिवे परत आणून दिले, आणि उरलेल्या बॅटऱ्या खाटेखाली गेल्या.

गेल्या दसऱ्यानंतर मी पुन्हा बसले. मीटर होतं, मालकांनी जुन्या ट्रान्सफॉर्मरपासून केलेला चार्जर होता, बल्ब कारंज्यातून आणला. चष्म्याचा नंबर वाढला आहे, म्हणून मीटर नाकाजवळ धरावं लागतं. तेवीसपैकी सात जणींची पोटं फुगली होती. बाकीच्यांना पाणी पाजलं, चार्जिंगला लावलं. काही तापल्या आणि काहीच घेईनात. दोन वर्षं उपाशी ठेवलेल्या बॅटऱ्या त्या, त्यांचा काय दोष? चूक माझी. महिन्याकाठी एकदा चार्ज केल्या असत्या तर निम्म्या तरी जगल्या असत्या. मी त्या बघायच्या टाळल्या, दुसरं कारण नाही.

दिवाळीपर्यंत चार बॅटऱ्या हाती लागल्या. चौघींनी तासाच्या वर ओढलं. त्यांच्यात पाच-सात मिनिटांचाच फरक होता. मी चौघींना फळीवर बसवून सारख्या टोकांना सारखी टोकं जोडली, अधिकाला अधिक, उण्याला उणं. म्हणजे ढगाळ हवेतही दोन-तीन दिवस मशीन चाललं असतं. फळी लांब, त्यावर काळ्या चार, आणि दोन्हीकडून उचलायला दोर बांधलेला. बघितलं आणि मला तिरडी आठवली. चार खांदेकरी.

मी असलं काही मानत नाही. पण हात आपोआप खाली गेला आणि पाचवी उचलली. ओटीत पाच, सवाष्णी पाच, मग इथे चार कशाला. ती पाचवी पस्तीस मिनिटांची होती, आणि तिला मी दिवसभराचा विसावाही दिला नव्हता. चार्जरवरून काढली तशी खोट्या जोरात जोडली. मालक असते तर बोलले असते. जोडी सारखी पाहिजे, हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मला त्याचा कंटाळा यायचा. मरतुकड्या बैलाबरोबर चांगला बैल जुंपला तर दोघं बसतात, असं त्यांचं म्हणणं.

कार्तिक, मार्गशीर्ष चांगला गेला. ऊन होतं, प्लेट भरत होती, टक टक चालू होतं. मुलाचा दर रविवारी फोन यायचा.

"डुकरं काय म्हनतात?"

"तुह्यी आठवन काढतात."

पौषात आभाळ आलं. दोन दिवस सूर्य दिसला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात गेले तर झोपडी गप्प. टक टक नाही. नाल्याच्या बाजूला चार सऱ्या उकरून पडल्या होत्या. वेल उपटलेले, अर्धी खाल्लेली रताळी, चिखलात खुरांचे ठसे. मी आधी सऱ्या मोजल्या नाहीत. आधी झोपडीत जाऊन मीटर लावलं. पाचही जणी नऊच्या खाली. एकेक सुटी केली. थोड्या वेळाने चौघी वर चढायला लागल्या, दहा, साडेदहा. पाचवी जिथल्या तिथे. तिने स्वतःचं तर खाल्लंच, चौघींचंही खाल्लं.

त्या रविवारी मुलाने विचारलं तेव्हा मी सांगून टाकलं. लपवून काय करायचं?

"चार सऱ्या गेल्या."

"माय, मी येतो घ्याले. सामान बांध."

"किती सऱ्या हायेत मळ्यात?"

"मले काय मालूम?"

"तीस. चार गेल्या. शिवरात्री झाली का?"

तो मग म्हणाला, "अजून एक सरी जरी गेली ना माय, मंग मी ऐकनार नाई." मी बरं म्हटलं. एकही सरी नाही, असं त्याने ठरवलं आणि मीही.

चौघींना घरी आणलं. पाणी बघितलं, चार्ज केलं, दिवसभर विसावा दिला, बल्ब लावला, गजराचं घड्याळ समोर ठेवलं. मेथी निवडायला घेतली, पण अर्धी जुडीही निवडून झाली नाही. नजर मीटरवरून हटत नव्हती. अकरा आठ. अकरा सहा. मी मोठ्याने म्हणत होते हे मला नंतर कळलं. "हं" म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून कळलं. तिघी तासाच्या वर टिकल्या. चौथी पंचेचाळीसला बसली. पाचवीच्या संगतीने ती खचली होती. ती मी काढली. तिघीच जोडल्या. फळी लहान झाली, दोर काढून टाकला.

तीन म्हणजे पुन्हा लोक म्हणतात तीन तिघाडा. म्हणोत. या वेळी मी हात खाली नेला नाही.

आभाळ पुन्हा आलं, माघात. या वेळी तीन दिवस, वर पाऊस. मी रोज उजाडल्यावर तारेच्या कडेकडेने फिरायची. पहिल्या दिवशी मीटर बारा तीन. दुसऱ्या दिवशी बारा. तारेला गवत टेकलं की झटका त्यातून मातीत उतरतो आणि बॅटरी फुकट खर्ची पडते, म्हणून मी पावसात विळ्याने कडेचं गवत कापलं. तिसऱ्या दिवशी अकरा सात. एका ठिकाणी खुरं थेट तारेपर्यंत आली होती. तिथे चिखल खूप तुडवला होता, आणि मग खुरं वळून पुन्हा नाल्यात गेली होती. मी तिथे उभी राहून टक टक ऐकत राहिले. आवाज मंद होता, पण होता. दुपारी ऊन पडलं.

मधे भंगारवाला आला. त्याचीही दाढी आता पांढरी झाली आहे. मेलेल्या बॅटऱ्या त्याला दिल्या. त्यांचं शिसं वितळवून नवी बॅटरी होते म्हणतात, म्हणजे त्याही कुठेतरी कामाला लागतीलच. पाचवी मी स्वतः उचलून त्याच्या गाडीत टाकली.

"चाची, हे एक इतक्या जोरानं काहून फेकली?"

"हे खादाड होती."

"मंग चाचासारखी नाई."

"तुह्या चाचा दोनच पोळ्या खाये," मी म्हटलं.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी मुलगा गाडी घेऊन आला. मला न्यायला की रताळी न्यायला, ते त्याने सांगितलं नाही. आधी तो मळाभर फिरला. तारेच्या कडेने, खाली वाकून, खुरं शोधत. मी बांधावर बसून बघत होते. परत आला आणि कुदळ मागितली. सव्वीस सऱ्या आम्ही दोघांनी आणि दोन मजूर बायांनी दोन दिवसांत खणल्या. त्याला आता सवय राहिली नाही, हाताला फोड आले.  त्याने स्वतःच म्हटलं, "कंपनीत असं काम असते त मी कधीच पळालो असतो."

बाजाराला निघताना गाडीत पोती भरून झाली. मी वाट बघत होते की आता बोलेल. तो डिकीत वाकला आणि टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. जड होतं, दोन्ही हातांनी धरलं होतं. बांधावर ठेवून सोडलं. काळ्या, विटेएवढ्या, दोन. त्याच्या कंपनीतल्या भंगारातल्या. म्हणजे पुण्याहून निघतानाच त्याने त्या गाडीत ठेवल्या होत्या.

"याहिले पाहून घेजो," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

मी चष्मा लावून बघितलं. एकीचं पोट फुगलेलं होतं. दुसरी चार्जिंगला लावली.